कोरियातलं बुंदांग: शहराएवढं, पण शहर नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेच कापलेत, काही राहिले असतील तर चालवून घ्या.

१५ ऑक्टोबर २०२२, शनिवार. दुपारी दक्षिण कोरियातल्या एका डेटा सेंटरच्या तळघरात, बॅटऱ्यांच्या खोलीत आग लागली. माणसं सुखरूप बाहेर आली, पण वीज तोडावी लागली आणि काकाओटॉक बंद पडलं. आपल्याकडे व्हॉट्सॲप, यूपीआय आणि ओला-उबर एकाच दिवशी बंद पडल्यावर काय होईल, तसं तिथे झालं. सगळ्या सेवा पूर्ववत व्हायला पाच दिवसांहून जास्त लागले. आमच्या क्षेत्रात ही घटना सगळ्यांना माहिती आहे, बॅकअप कसा नसावा याचं उदाहरण म्हणून.

आज मात्र बॅकअपबद्दल बोलायचं नाहीये. आज बोलायचंय त्या जागेच्या पत्त्याबद्दल. बातम्यांमध्ये सगळीकडे ‘पान्ग्यो’ असं आलं. सरकारी पत्त्यात काय लिहितात? ग्यॉन्गी-दो, सॉन्गनाम-शी, बुंदांग-गु, आणि मग पुढचं. ‘दो’ म्हणजे प्रांत. ‘शी’ म्हणजे शहर. ‘गु’ म्हणजे शहराचा एक भाग. हो, मराठी कानाला हे दोन शब्द लागोपाठ जसे ऐकू येतात तसे येतात. हसून घ्या, मग पुढे जाऊ.

हसून झालं? तर आजचा प्रश्न असा. या बुंदांग-गुमध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास लोक राहतात. नेव्हर, नेक्सॉन, एनसीसॉफ्ट अशा कंपन्यांची मुख्य कार्यालयं इथे आहेत. पण बुंदांगला स्वतःचा निवडून दिलेला प्रमुख नाही, स्वतःची सभा नाही, स्वतःचा कर नाही. तिकडे सोलमधल्या जुंग-गुमध्ये जेमतेम सव्वा लाख रहिवासी, आणि त्यांना हे तिन्ही आहे. दोन्हीकडे पाटी ‘गु’चीच. मग हे असं का? आणि त्याने कोणाला काय फरक पडतो?

आधी नकाशा

सोलच्या दक्षिणेला, गंगनमच्या खाली, सॉन्गनाम नावाचं शहर आहे. लोकसंख्या नऊ लाखांच्या थोडी वर. त्याचे तीन गु: सुजॉन्ग, जुंगवॉन आणि बुंदांग. पहिले दोन उत्तरेला, बुंदांग दक्षिणेला. (हे जुंगवॉन आणि मघाचं सोलचं जुंग-गु वेगवेगळे, गोंधळ नको.) बुंदांगचं क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस किलोमीटर, म्हणजे सॉन्गनामचा जवळजवळ अर्धा भाग. लोकसंख्याही साधारण अर्धीच.

बुंदांगच्या मधून थानचॉन नदी वाहते. नावाचा अर्थ कोळशाचा ओढा. ती दक्षिणेकडून, योंगिन शहराच्या बाजूने येते, बुंदांगमधून उत्तरेला जाते आणि सोलमध्ये हान नदीला मिळते. पूर्वेला बुलगोक डोंगर, पश्चिमेला ६१८ मीटरचा चॉन्ग्ये डोंगर, आणि मध्ये नदीकाठची सपाट जमीन. कोरियात सपाट जमीन ही चैन आहे, देशाचा बहुतेक भाग डोंगराळ. त्यात ही जमीन गंगनमला खेटून.

नदीच्या दोन्ही बाजूंना वस्त्यांच्या रांगा आहेत. उत्तरेकडून यायला लागलात तर याताप, इमे, सोह्यॉन, सुने, जॉन्गजा, गुमी. पश्चिमेला ग्यॉन्गबू द्रुतगती मार्ग उत्तर-दक्षिण जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना पान्ग्यो पसरलंय. पान्ग्यो म्हणजे फळ्यांचा पूल. आज तिथे काचेच्या इमारती असल्या तरी नाव त्या लाकडी साकवाचं.

‘बुंदांग’ हे नाव तर चक्क जोडनाव आहे. १९१४ मध्ये, जपानी राजवटीत, गावांची पुनर्रचना झाली तेव्हा बुंजॉम आणि दांगु या दोन गावांची पहिली अक्षरं जोडून ते तयार केलं. म्हणजे हे नाव जन्माला आलं तेच मुळी एका प्रशासकीय फाइलमध्ये!

एकाच शहराचे दोन जन्म

सॉन्गनाम समजल्याशिवाय बुंदांग समजत नाही, म्हणून थोडं मागे जाऊ.

१९६० च्या दशकाच्या शेवटी सोल महापालिकेला शहरातल्या झोपड्या हटवायच्या होत्या. चॉन्ग्येचॉन ओढ्याकाठच्या आणि इतर वस्त्यांमधल्या लोकांना उचलून शहराबाहेर, तेव्हाच्या ग्वांगजू तालुक्यातल्या टेकड्यांवर नेऊन सोडलं. प्रत्येक कुटुंबाला २० प्योंग, म्हणजे साधारण ६६ चौरस मीटरचा तुकडा. पाणी नाही, रस्ता नाही, काम नाही. वर जमिनीचे पैसे आणि कर भरा असा तगादा. १० ऑगस्ट १९७१ ला हजारो लोक रस्त्यावर आले, सरकारी कार्यालयावर चाल करून गेले. सरकारला मागण्या मान्य कराव्या लागल्या. दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, त्या वसाहतीला शहराचा दर्जा मिळाला. तेच सॉन्गनाम. आजचे सुजॉन्ग आणि जुंगवॉन गु म्हणजे मुख्यतः तो भाग. चढाचे अरुंद रस्ते, एकमेकांना चिकटलेली घरं.

बुंदांगच्या सपाट जमिनीवर मात्र तेव्हा शेती होती. १९७० च्या दशकापासून तिथे बांधकामावर निर्बंध होते, त्यामुळे सोलच्या इतकी जवळ असूनही ती मोकळी राहिली.

मग १९८० च्या दशकाच्या शेवटी सोलमध्ये घरांच्या किमती भडकल्या. राष्ट्राध्यक्ष रोह ते-वू यांच्या सरकारने देशभर २० लाख घरांची घोषणा केली आणि एप्रिल १९८९ मध्ये बुंदांग आणि इल्सान या नव्या नगरांची योजना जाहीर केली. बुंदांग नवनगराचं क्षेत्र १९.६ चौरस किलोमीटर, घरं सुमारे ९७,६००, आणि अपेक्षित लोकसंख्या ३.९ लाख. १९९१ च्या सप्टेंबरात पहिली कुटुंबं राहायला आली. होय, घोषणेनंतर अवघ्या अडीच वर्षांत! बुंदांग-गुची स्थापनाही त्याच वर्षी झाली. १९९४ मध्ये बुंदांग रेल्वे लाइन आली. २०११ मध्ये शिनबुंदांग लाइन आली आणि गंगनम पाव तासावर आलं. दरम्यान पान्ग्योही उभं राहिलं.

म्हणजे एकाच शहराचा एक अर्धा भाग सोलमधून हाकललेल्यांनी वसवला आणि दुसरा अर्धा भाग सोलमधल्या मध्यमवर्गासाठी आखून बांधला. आणि दोघांचा महापौर एकच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

झाडाची पातळी मोजा

आता मूळ कोड्याकडे. आम्ही सॉफ्टवेअरवाले पत्त्याचा फॉर्म बनवतो तेव्हा ड्रॉपडाउन लावतो: राज्य, जिल्हा, तालुका. कोरियाचा फॉर्म तसाच बनवायला गेलात तर फसाल, कारण ‘गु’ हा शब्द दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर येतो.

कोरियात स्थानिक स्वराज्याच्या पातळ्या सहसा दोन असतात. वरची पातळी म्हणजे प्रांत, किंवा सोल, बुसानसारखी थेट प्रांताच्या दर्जाची मोठी शहरं. खालची पातळी म्हणजे प्रांतातली शहरं आणि ग्रामीण तालुके, किंवा त्या मोठ्या शहरांमधले गु. या दोन्ही पातळ्यांवर प्रमुख निवडून येतो, सभा निवडून येते, बजेट आणि कर स्वतःचे असतात.

सोलमध्ये काय होतं? वरची पातळी सोल, खालची पातळी गु. असे २५ गु. गंगनम-गु त्यातलाच एक. याला म्हणतात स्वायत्त गु. १९९५ पासून त्यांचे प्रमुख थेट मतदानाने निवडून येतात.

आणि बुंदांगमध्ये? वरची पातळी ग्यॉन्गी प्रांत, खालची पातळी सॉन्गनाम शहर. झालं, दोन पातळ्या संपल्या! बुंदांग-गु येतो तिसऱ्या पातळीवर, जिथे निवडणूक नसते. कायदा म्हणतो की पाच लाखांहून मोठं शहर कामाच्या सोयीसाठी स्वतःचे गु पाडू शकतं, पण ते स्वायत्त नसतात. सुवॉन, योंगिन, गोयांग, चॉन्गजू, चांगवॉन या शहरांतले गु याच प्रकारचे.

म्हणून ‘बुंदांगवाल्यांना एक मत कमी’ असं म्हणणं बरोबर नाही. सोलचा मतदार सोलचा महापौर आणि गुचा प्रमुख निवडतो, बुंदांगचा मतदार ग्यॉन्गीचा राज्यपाल आणि सॉन्गनामचा महापौर निवडतो. दोघांना दोनच. फरक एवढाच की सोलमध्ये दुसरं मत अगदी घराजवळच्या माणसाला जातं, आणि बुंदांगमध्ये ते नऊ लाखांच्या शहराला जातं.

इथे एक खुलासा. सॉन्गनामचा महापौर म्हणजे आपल्याकडचा शोभेचा महापौर नव्हे. तो थेट निवडून येतो आणि प्रशासनाचा प्रमुखही तोच, म्हणजे आपला महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत. २०१० ते २०१८ या खुर्चीवर ली जे-म्यंग होते, जे २०२५ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. बुंदांगचा गु-प्रमुख हा मात्र नेमलेला सरकारी अधिकारी. त्याला नेमणार सॉन्गनामचा महापौर, बदलणारही तोच. मुंबईतल्या वॉर्ड ऑफिसचा सहायक आयुक्त डोळ्यांसमोर आणा, बरंच जवळ जाल.

गु ऑफिसमध्ये काय होतं आणि काय होत नाही

रोजचं काम भरपूर होतं. स्थानिक कराची बिलं, पार्किंगचे दंड, हॉटेल-खानावळींच्या नोंदी, छोट्या बांधकामांचे परवाने, रस्ते आणि पुलांची देखभाल.

पण कराचा पैसा गुचा नाही. सोलमध्ये मालमत्ता कर गुच्या पातळीवर असतो. बुंदांगमध्ये बिल गु ऑफिस काढतं आणि पैसे सॉन्गनाम शहराच्या तिजोरीत जातात. पान्ग्योतल्या कंपन्या जो स्थानिक आयकर भरतात, तोही शहराकडेच. थोडक्यात गु ऑफिसकडे युजर अकाउंट आहे, ॲडमिन राइट्स नाहीत.

गुच्या खाली अजून एक पातळी आहे: दोंग. इथे पण एक गंमत आहे. दोंग दोन प्रकारचे, कायदेशीर आणि प्रशासकीय. कायदेशीर दोंग जमिनीच्या नोंदीत असतो आणि सहसा बदलत नाही. प्रशासकीय दोंग म्हणजे जिथे प्रत्यक्ष ऑफिस असतं, आणि तो लोकसंख्येप्रमाणे फोडतात किंवा जोडतात. बुंदांगमध्ये २२ प्रशासकीय दोंग आहेत. जमिनीच्या कागदावर ‘जॉन्गजा’ हा एकच दोंग, पण तिथल्या रहिवाशांचं काम जॉन्गजा, जॉन्गजा-१, जॉन्गजा-२ आणि जॉन्गजा-३ अशा चार ऑफिसांत विभागलेलं. उलट डेजांग-दोंग बघा. २०२१ पासून जमीन-विकासाच्या घोटाळ्यामुळे हे नाव अख्ख्या कोरियाला पाठ झालं, पण त्या नावाचं ऑफिस नाही. तिथल्या रहिवाशाचं काम उनजुंग-दोंगच्या ऑफिसात.

प्रोग्रामिंग येत असेल तर असं समजा: कायदेशीर दोंग हा प्रायमरी की, आणि प्रशासकीय दोंग म्हणजे कामाच्या ओझ्यानुसार बदलणारं पार्टिशन. भर म्हणून २०१४ पासून पत्ते रस्त्याच्या नावाने लिहायची पद्धत पूर्णपणे लागू झाली, त्यामुळे रोजच्या पत्त्यात मुख्य ओळख दोंगची नाही, रस्त्याची. नवख्या माणसाचं डोकं फिरलं नाही तरच नवल.

पूल पडला तेव्हा

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पाटीवर काय लिहिलंय याने काय बिघडतं?

५ एप्रिल २०२३ ची सकाळ. थानचॉन नदीवरच्या जॉन्गजा पुलाचा एका बाजूचा पदपथ अचानक खाली कोसळला. पुलाच्या मुख्य भागाला नाही, त्याच्या कडेला चालायच्या पट्टीला काही झालं, आणि ती पट्टी खालून खांब न देता नुसती बाहेर काढलेली होती. चालत जाणारी एक महिला मृत्युमुखी पडली, एक जण जखमी झाला. पूल १९९३ चा, म्हणजे नवनगराच्या घाईच्या काळातला. त्याच नदीवर त्याच काळातले आणि त्याच पद्धतीचे इतर पूल होते. सुने आणि बुलजॉन्ग पूल लगेच बंद करावे लागले.

मग प्रश्न आला: जबाबदार कोण? पुलाच्या देखभालीचं काम गु ऑफिसकडे. त्यामुळे पोलीस चौकशीत गु ऑफिसचे अधिकारी आले, तपासणी करणाऱ्या कंपन्यांची माणसं आली. पण कोरियात २०२२ पासून गंभीर अपघातांचा एक कायदा लागू आहे. सार्वजनिक सुविधेतल्या दोषामुळे माणूस गेला, तर तो कायदा स्थानिक सरकारच्या प्रमुखाकडे बोट दाखवू शकतो. बुंदांगमध्ये स्थानिक सरकारचा प्रमुख कोण? गु-प्रमुख नव्हे. सॉन्गनामचा महापौर.

हीच ती फट. पुलाजवळ असलेल्या ऑफिसला मोठं बजेट ठरवायचा अधिकार नाही. ज्याला अधिकार आहे त्याच्या टेबलावर तीन गुंचे सगळे पूल. आणि ज्या अधिकाऱ्याने फाइलवर सही केली, त्याला मतदार घरी पाठवू शकत नाहीत. सोलमध्ये गुच्या अखत्यारीतला पूल पडला असता तर पुढच्या निवडणुकीत राग कोणावर काढायचा हे लोकांना सरळ दिसलं असतं. इथे आधी संस्थेची रचना समजून घ्यावी लागते, आणि दुःखात असलेल्या घराला ही शिकवणी कोण देणार?

आता घरांचा प्रश्न

दुसरं उदाहरण अजून चालू आहे. १९९१ ला बांधलेले टॉवर आता तिशी ओलांडून गेलेत. पाइप गंजलेत, पार्किंग पुरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने जुन्या नवनगरांच्या पुनर्बांधणीसाठी खास कायदा केला, एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. कोणत्या वसाहतींची पाळी आधी, यासाठी चढाओढ लागली. त्या नोव्हेंबरात निवड जाहीर झाली तेव्हा बुंदांगमधल्या तीन पट्ट्यांतली १०,९४८ घरं पहिल्या फेरीत आली. बाकीचे वाट बघतायत.

यात गु ऑफिसचा निर्णय किती? जवळजवळ शून्य. नियम केंद्राचे, आराखडा आणि निवड शहराची. बुंदांगच्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार म्हणजे घर, आणि त्याची चावी गु ऑफिसमध्ये नाहीच.

मग वेगळं शहर करून टाका की!

ही मागणी बुंदांगमध्ये अधूनमधून होत आली आहे. आमचा पैसा आमच्याकडे, आमचा महापौर आमचा. ऐकायला न्याय्य वाटतं.

पण आता मघाचा मुद्दा आठवा. सॉन्गनामचा दुसरा अर्धा भाग कोणी वसवला? ज्यांना सोलने टेकडीवर नेऊन टाकलं त्यांनी. पान्ग्योचा कर शहराच्या तिजोरीत जातो म्हणून त्यातून सुजॉन्ग आणि जुंगवॉनच्या चढांवरही खर्च करता येतो. उद्या बुंदांग वेगळं झालं, तर श्रीमंत अर्धा भाग कुंपण घालून बाहेर पडेल. सोलमध्ये नेमकी हीच अडचण आली. गंगनमसारख्या गुकडे मालमत्ता कर भरभरून, उत्तरेकडच्या गुंकडे तुटपुंजा. शेवटी २००८ पासून त्या कराचा ठरावीक भाग एकत्र करून २५ गुंमध्ये वाटायला सुरुवात करावी लागली. म्हणजे स्वायत्तता दिली, मग समानतेसाठी वरून पॅच मारला.

उलटा प्रयोगही झालाय. सोलच्या पश्चिमेला बुचॉन नावाचं शहर आहे. त्यांनी २०१६ मध्ये आपले तिन्ही गु रद्द केले. मधला थर कशाला, शहर आणि दोंग पुरेत, असा विचार. कागदावर सुटसुटीत. पण दोंग मोठे करावे लागले, कामं लांब गेली, लोक वैतागले. १ जानेवारी २०२४ पासून तिन्ही गु परत आले. म्हणजे ज्या ऑफिसकडे सत्ता नाही असं आपण म्हणतोय, ते काढून टाकलं तर लोकांना त्याची उणीव भासते.

माझं मत विचाराल तर बुंदांगला वेगळं शहर करणं हे उत्तर नाही. सॉन्गनामने एकत्र राहावं यात मला न्याय दिसतो. पण गु ऑफिसकडे पूल सांभाळायचं काम देणार असाल तर त्या पुलासाठी लागणारा पैसा आणि तो मागायचा ठोस अधिकारही त्याच ऑफिसला द्या. आणि प्रत्येक पुलावर, प्रत्येक पाटीवर साध्या भाषेत लिहा की देखभाल कोणाची आणि निर्णय कोणाचा. जबाबदारी एका फोल्डरमध्ये आणि परवानगी दुसऱ्यात, अशी सिस्टिम आमच्या क्षेत्रात कोणी बनवली तर कोड रिव्ह्यूमध्येच परत पाठवतील. इथे तर माणसं चालतायत त्या पुलावरून.

तर पुढच्या वेळी कोरियन पत्त्यात ‘गु’ दिसला की आधी त्याच्या डावीकडे बघा. सोल, बुसान, इन्चॉन असं काही असेल तर तिथे निवडून आलेलं सरकार बसलंय. ‘अमुक-शी’ असेल तर तिथे एक ऑफिस आहे, आणि निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्या इमारतीत होतो. तुमच्यापैकी कोणी तिथे राहत असाल, पान्ग्योत काम करत असाल, तर तुमच्या दोंग ऑफिसचा अनुभव नक्की लिहून पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत मजेत राहा!